धान निघालं की नाटक : वडशाकडची जागरणं

गुरुवार : नागपूर ते वडसा

नाटक बघायला पुण्यातून कुणी गडचिरोली जिल्ह्यात जातं का, या प्रश्नावर घरात दोन-तीन दिवस चेष्टा झाली. मी जानेवारीतल्या शंकरपटांचा, म्हणजे बैलांच्या शर्यतींचा, सुमार धरून निघाले. सोबत नागपूरची मैत्रीण होती. तिचे मामा वडशाला, म्हणजे आम्ही अगदीच उपऱ्या नव्हतो. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या धान-जंगलाच्या भागात, कुणाचा तरी पाहुणा असणं ही तिकिटापेक्षा मोठी सोय आहे, हे पुढं कळत गेलं.

उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी हा बसचा रस्ता. भिवापूरला मिरच्यांचा वास खिडकीतून आत आला आणि अर्धी बस शिंकली. नागभीडनंतर दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या (खाचरं) दिसायला लागतात, पण कापून झालेल्या. नुसते खुंट उरलेले, मध्येच लाखोळीचं हिरवं. ब्रह्मपुरी ओलांडली की वैनगंगेचा पूल. नदीच्या अलीकडं चंद्रपूर जिल्हा, पलीकडं गडचिरोली. हा फरक नकाशापुरता नाही, त्याच्यावर शुक्रवारी रात्री पाच हजार माणसं हसणार होती. ते पुढं.

वडसा म्हणजे कागदोपत्री देसाईगंज. गोंदिया-बल्लारशा मार्गावरचं स्टेशन आहे, साधं तालुक्याचं गाव. पण मोसमात इथल्या मुख्य रस्त्याने चालताना मान वर करूनच चालावं लागतं, कारण दुकानांच्या वर, मेडिकलच्या शेजारी, हार्डवेअरच्या गल्लीत, सगळीकडं नाट्यकंपन्यांचे बोर्ड. पन्नासेक कंपन्या दिवाळी ते होळी इथून हलतात. प्रत्येक बोर्डावर नट-नट्यांचे फोटो, खाली नाटकांची नावं. नावांत कुंकू, सासर, आई आणि सूड यांपैकी दोन गोष्टी तरी हव्यातच. आम्ही दोघींनी पैज लावून शोधलं, एकही नसलेलं नाव सापडायला पुष्कळ चालावं लागलं.

मामांच्या ओळखीने एका कंपनीच्या ऑफिसात बसायला मिळालं. ऑफिस म्हणजे दहा बाय दहाची खोली, एक टेबल, लाल बांधणीची डायरी, भिंतीवर देवाचं कॅलेंडर आणि त्यावर पेनाने केलेल्या खुणा. आम्ही चहा घेत असतानाच चार मोटारसायकलींवरून सात-आठ पोरं उतरली. फेब्रुवारीतल्या एका तारखेसाठी गावच्या मंडळाची माणसं. मग जो व्यवहार झाला, तो कुठल्याही नाट्यशास्त्राच्या वर्गात शिकवत नसतील.

"विनोदी कोन देता?" हा पहिला प्रश्न. मॅनेजरने नाव सांगितलं. पोरांनी एकमेकांकडं पाहिलं. "मांगच्या साली आमच्या बाजूच्या गावात त्याईनंच केलं. दुसरा पाहा." मग नायिका कोण, खलनायक कोण, नाचाच्या पोरी किती, ऑर्गनवर कोण. ऑर्गनवाल्याचं नाव ऐकल्यावर सगळ्यांचे चेहरे खुलले. नाटक कुठलं, त्याची गोष्ट काय, हा प्रश्न सगळ्यांत शेवटी आला आणि दोन मिनिटांत संपला. एकाने फक्त एवढंच विचारलं, "रडाचं आहे ना? बाया बसल्या पायजे." इसाराचे पैसे मोजून टेबलावर ठेवले, डायरीत तारीख चढली.

पोरं निघताना मी विचारलं, तोटा झाला तर? त्यांतला सगळ्यांत लहान दिसणारा म्हणाला, "वाटून घेतो जी. नफा झाला तर मंदिराचं शेड." म्हणजे नाटक कंपनीचं, पण खेळ गावाचा. कंपनी ठरलेली रक्कम घेऊन मोकळी. तिकीट विकणं, जागा तयार करणं, जेवणावळ, बंदोबस्त हे सगळं गावाच्या डोक्यावर.

(राहायचं असेल तर वडशात साधी लॉज आहेत, ब्रह्मपुरीत थोडी जास्त. मोसमात आधी फोन करून ठेवा. आणि दुपारी झोपायची सवय नसेल तर घरूनच लावून घ्या, कारण इथं दिवस उलटा चालतो.)

शुक्रवार : पहिलं नाटक

दिवसभरात सांगण्यासारखं काही केलं नाही. आलूबोंडा-तर्री खाल्ली, झोपलो. मामींनी संध्याकाळी दोन जाड चादरी, कानटोप्या आणि फल्लीची पुडी हातात दिली. चादरी कशाला, असं मला वाटलं होतं. पहाटे तीनला मामींचे पाय धरावेसे वाटले.

साडेसातला कलाकारांच्या गाडीत आम्हांला जागा मिळाली. गाडीत नऊ माणसं, त्यांतली सहा झोपलेली. आदल्या रात्रीचा प्रयोग सकाळी पाचला संपला होता आणि परवाही तेच. रस्ता जंगलातून. चालकाने आपण होऊन सांगितलं की 2022 मध्ये याच पट्ट्यात माणसं मारणारा वाघ वनखात्याने पकडला आणि त्याच्या आदल्या वर्षापासून छत्तीसगडकडून आलेला हत्तींचा कळपही फिरतोय. "त्याईलेबी नाटक पाहाचं रायते का म्हनते," असं म्हणून तोच हसला. मागच्या सीटवरचा खलनायक डोळे न उघडता म्हणाला, "तिकीट घेऊन येऊ दे म्हना."

बाहेरून येणाऱ्यांसाठी ही गमतीची गोष्ट नाही. नाटकं जंगलालगतच्या गावांत असतात आणि सुटतात पहाटे. दुचाकीवर एकट्याने जाऊ-येऊ नका. गावातले लोक ट्रॅक्टर-ट्रॉलीत, घोळक्याने येतात, त्याला कारण आहे.

गाव दोन-अडीचशे घरांचं असेल, पण रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. प्रत्येक अंगणात पाहुणे. मंडळाच्या सचिवाच्या घरी आम्हांला नेलं. तिथं पंगत उठायची आणि दुसरी बसायची, असं संध्याकाळपासून चाललेलं. भात, लाखोळीच्या डाळीचं वरण, वांग्याची भाजी, झिंग्यांची चटणी. सचिवाच्या आईने आम्ही कोण, कुठल्या, काहीही न विचारता पाट मांडला. जेवण झाल्यावर विचारलं, "कोनाच्या घरच्या गं पोरी?" मैत्रिणीने वडशाच्या मामांचं नाव सांगितलं. म्हातारीने तीन मिनिटांत मामांची सोयरीक आपल्या जावेच्या माहेरापर्यंत नेऊन पोचवली आणि भात पुन्हा वाढला.

तिथंच मला या सगळ्याचा सांगाडा दिसला. नोव्हेंबरात धान निघतं, पैसा हाताशी येतो, शेतात काम कमी होतं. गावात नाटक ठरलं की लेकी माहेरी येतात, जावई येतात, व्याही येतात. पोरगी दाखवायची असेल तर तीही याच दिवशी, कारण पाहुणे ‘नाटकाला’ आलेले असतात. नकार आला तरी कुणाची नाचक्की नाही. सचिवाच्या ओसरीवर एक निळ्या शर्टातला मुलगा ताठ बसला होता आणि आतून बायका त्याच्याकडं डोकावून बघत होत्या. नाटक या सगळ्या येण्याजाण्याचं निमित्त आहे, आणि निमित्त गावाला दर वर्षी लागतंच. अनुदानावर चालणारी नाटकं मी पुष्कळ बघितलीयेत. अनुदान थांबलं की ती थांबतात. इथं व्याही येणं थांबल्याशिवाय नाटक थांबायचं नाही, असं माझं मत झालं.

पत्रिकेवर वेळ रात्री दहाची होती. पत्रिकेचा अर्धा कागद मात्र उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष, उपाध्यक्ष, दीपप्रज्वलक आणि प्रमुख अतिथी यांनी व्यापलेला. त्यांतले बहुतेक आले आणि आलेले सगळे बोलले. रस्ता, सिंचन, धानाचा बोनस. पावणेबाराला नांदी सुरू झाली. गावकऱ्यांना याचं काही वाटलं नाही; बायका या वेळात मुलं झोपवून घेतात.

बांधीत बांबू रोवून कनात लावलेली, वर ताडपत्री. पुढं खुर्च्या, मागं जमीन. खुर्चीचं तिकीट महाग, जमिनीचं स्वस्त. आम्ही आधी खुर्ची घेतली, पण पहिल्या अंकानंतर जमिनीवर जाऊन बसलो. तिथं पेंढा अंथरलेला होता, शेजारणींच्या चादरी होत्या आणि शेरेबाजी पहिल्या दर्जाची.

नाटक तीन अंकी. विधवा वहिनी, जमिनीवर डोळा ठेवलेला दीर, भोळा नवरदेव, दारुडा मामा. गोष्ट पहिल्या दहा मिनिटांत कळते. पण ती कळली म्हणून काही बिघडत नाही, कारण माणसं पुढं काय होणार यासाठी बसलेली नसतातच. दीराने वहिनीच्या हातातलं ताट उडवलं तेव्हा माझ्या शेजारची बाई मोठ्याने म्हणाली, "याले पाह्य, मुडद्याले!" आणि रंगमंचावरच्या खलनायकाने क्षणभर तिच्याकडं बघून आणखी एक लाथ मारली. शिव्यांचा पाऊस. तो खूश.

दारुड्या मामाचं काम करणारा नट धानाचा शेतकरी आहे. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी. चंद्रपुरात 2015 मध्ये झालेली बंदी 2021 मध्ये उठली. मामा रंगमंचावर झोकांड्या खात आला आणि म्हणाला, "मी पेलो नाई जी. मी फक्त पूल ओलांडून आलो." बस्स. कनात हलेल असा हशा उसळला. मुंबईच्या कुठल्याही लेखकाला हे वाक्य सुचणार नाही आणि सुचलं तरी तिकडं कुणी हसणार नाही.

दुसऱ्या अंकाला मी मॅनेजरला विचारून विंगेत गेले. मला खरं तर नट जवळून बघायचे होते, पण बघत राहिले प्रॉम्प्टरकडं. साठीचा माणूस, मफलर, नाकावर उतरलेला चष्मा. प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसलेला, मांडीवर हाताने लिहिलेली जाड वही, तिच्यावर क्लिपने अडकवलेला एवढासा दिवा. या नटांना तालमीला वेळ नसतो. आज हे नाटक, उद्या दुसरं, परवा तिसरंच; ऐन मोसमात कुणी नवा आला तर तो गाडीतच प्रवेश ऐकून घेतो. संवाद येतात या वहीतून.

पण तो नुसता वाचत नव्हता. नायिकेला वाक्याचा पहिला शब्द पुरायचा. खलनायकाला अर्धं वाक्य लागायचं, तेही तो श्वास घेत असताना. पाहुणा नट होता, त्याला सबंध वाक्य दोन तुकड्यांत. मामाला काहीच देत नव्हता, वही बंद करून बोट पानात ठेवून बसायचा. विचारलं तर कुजबुजला, "तो वहीत नसलेलंच बोलते. थांबला की मी चालू." एका हाताने ऑर्गनवाल्याला खूण, डोळ्याने लाइटवाल्याला. एकदा पाहुण्या नटाने मधलं पानच गाळलं, आणि गाळलेल्या पानात नायिकेच्या मुलाच्या आजारपणाची बातमी होती. ती नसती तर तिसरा अंक उभाच राहत नव्हता. काकांनी तीन पानं पुढं-मागं केली, मोलकरणीच्या पोरीला दंडाला धरून कानात काहीतरी सांगितलं आणि तिला रंगमंचावर ढकललं. पोरीने धावत जाऊन "बाईसाहेब, बाळाले ताप आला!" असं म्हटलं आणि नायिकेने तिथंच हंबरडा फोडला. पुढं बसलेल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. काका चष्मा पुसत होते.

पावणेपाचला संपलं. बक्षिसांच्या घोषणा मधूनमधून चालूच होत्या, अमुक पाटलांकडून एकशे एक, तमुक मित्रपरिवाराकडून दोनशे एक. शेवटच्या गाण्याला मागची माणसं उभी राहून टाळ्या देत होती. पाच तास बसूनही!

शनिवार : दिवसा पट, रात्री पाऊस

अकराला उठलो. दुपारी दुसऱ्या गावी शंकरपट होता आणि रात्री तिथंच दुसऱ्या कंपनीचं नाटक. झाडीपट्टीत ही जोडी जुनी आहे, दिवसा पट आणि रात्री नाटक. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली, तेव्हा पट बंद पडले आणि पटाच्या गर्दीवर चालणाऱ्या नाटकांना झळ बसली. डिसेंबर 2021 मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने ती कायम केली. गावातल्या पोरांना या तारखा परीक्षेच्या निकालासारख्या पाठ आहेत.

पट मी दहाच मिनिटं नीट पाहिला. धूळ, आरोळ्या, धुरकऱ्यांचा ताठ कणा, जोडी सुटली की दोन्ही बाजूंची माणसं एकदम मागं सरकतात. बैलांचं मला पूर्ण पटतं असं नाही, म्हणून पुढं लिहीत नाही. कडेला चिवडा-जिलेबीची दुकानं, आकाशपाळणा, बांगड्या. तिथं एका झाडाखाली बसलेल्या आजोबांशी गप्पा लागल्या.

त्यांच्या लहानपणी कनात नव्हती. नाटक ठरलं की गाव मिळून बांधीत खड्डा खणायचं, माती मागच्या बाजूला चढती टाकायची. पुढचे खड्ड्यात, मागचे मातीच्या उतारावर, म्हणजे कुणाचं डोकं कुणाच्या आड नाही. उजेडाला गॅसबत्त्या. माइक नव्हते, तेव्हा शेवटच्या माणसापर्यंत आवाज पोचवायचा तर नटाला छातीपासून बोलावं लागायचं. बायकांची कामं पुरुषच करायचे. "आता सारंच सोपं झालं," आजोबा म्हणाले, "पन गळे गेले." झाडीपट्टीतल्या नटांवर ‘फार ओरडतात’ असा शिक्का शहरातले लोक मारतात, मीही आदल्या रात्री मनात मारला होता. पण ज्या अभिनयाची जडणघडण उघड्या बांधीत झाली, तो दिवाणखान्याच्या मापात बसवायचा हट्ट कशाला? माइक आल्यावर मात्र आवाज थोडा खाली आणायला हरकत नव्हती, हेही खरं. दुसऱ्या रात्री साउंडवाल्याने आमचे कान अक्षरशः सोलले.

या भागाच्या लोककलांवर आणि बोलीवर डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी आयुष्यभर काम केलं आहे. ज्याला मुळापासून वाचायचं असेल त्याने तिकडं वळावं. दिवाळीनंतरच्या मंडयांमध्ये होणारी दंडार, मग खडी गंमत, हे दोन जुने लोकनाट्यप्रकार, आणि मग हे तीन अंकी नाटक, असा प्रवास जाणकार सांगतात. आम्हांला दंडार बघायला मिळाली नाही. त्यासाठी भाऊबीजेच्या आठवड्यात यायला हवं.

संध्याकाळी ढग आले. जानेवारीत विदर्भात असा अवकाळी पाऊस पडतो, पण मंडळाच्या पोरांचे चेहरे बघवेनात. तिकिटं विकलेली, इसार दिलेला, अंगणाअंगणात पाहुणे. मंडळाचा अध्यक्ष दर पाच मिनिटांनी मोबाइलवर हवामान बघत होता आणि दर वेळी वेगळ्या माणसाला विचारत होता, "येईल का जी?"

आला. रात्री दोनच्या सुमाराला, दुसरा अंक रंगात असताना. आधी ताडपत्रीवर टपटप, मग जोरात. वर ताडपत्री होती ती फक्त खुर्च्यांवर. जमिनीवरचे सगळे उघड्यावर. मला वाटलं, संपलं. पण कुणी उठलंच नाही. अंगाखालचे पेंढ्याचे भारे डोक्यावर गेले, खुर्च्या उलट्या होऊन डोक्यावर गेल्या, बायकांनी मुलं पोटाशी घेऊन चादरी ओढल्या. लाइटवाल्याने धोका नको म्हणून रंगमंचावरचे दिवे बंद केले, मुख्य लाइनही काढली. अंधार. आणि त्या अंधारात तबलजीने ठेका धरला, ऑर्गनवाल्याने बिनमाइकचा नुसता गळा लावला. आधी भजन, मग नाट्यपद, मग लोकांनी फर्माइशी सुरू केल्या. पन्नाशीचा हा माणूस अर्धा तास गात होता. दुपारच्या आजोबांना तो ऐकायला मिळाला असेल अशी आशा आहे.

पाऊस उघडला तेव्हा पावणेतीन. लाइन जोडली. ज्या वाक्यावर थांबलं होतं, त्याच वाक्यापासून खलनायकाने सुरुवात केली आणि मागून कुणीतरी ओरडलं, "हे झालं जी, पुढचं सांगा!"

काही व्यवहाराच्या गोष्टी इथंच सांगून टाकते. गरम कपडे, टॉर्च, पाण्याची बाटली आणि बसायला जाड काहीतरी न्या. बायकांसाठी स्वच्छतागृहाची सोय जवळजवळ नसते. गावातल्या कुणाच्या घरी ओळख काढून ठेवणं हाच उपाय, आणि ओळख निघते. मोबाइलवर प्रयोगाचं चित्रण करू नका, कंपन्यांना आवडत नाही आणि ते रास्त आहे. त्यांची रोजीरोटी पुढच्या गावाने तेच नाटक न पाहिलेलं असण्यावर आहे. फोटो विचारून काढा. विंगेत जायचं असेल तर मॅनेजरला आधी सांगा, अंक चालू असताना घुसू नका. खुर्चीपेक्षा जमीन बरी, पाऊस नसेल तर.

रविवार : वडसा

शेवटचा दिवस नटांच्या खोल्यांमध्ये गेला. बाहेरगावचे कलाकार मोसमभर वडशात भाड्याने राहतात. शुक्रवारच्या नायिकेने दुपारी तीनला बोलावलं, कारण तिची सकाळ दोनला होते. नागपूरची बाई, चाळिशीतली. एक खाट, गॅसची शेगडी, दोरीवर वाळणारे नऊवारी, आरशाला टिकल्यांची रांग. मुलगी नागपुरात आजीकडं, दहावीला. "तिच्या परीक्षेला मी घरी पाहिजे," ती म्हणाली, "आणि तेव्हाच होळीच्या आधीच्या रात्री जास्त पैशांच्या असतात." काय ठरवलंय हे मी विचारलं नाही.

मोसमाच्या चार महिन्यांवर वर्ष काढायचं असतं. पावसाळ्यात कुणी शिवणकाम, कुणी शेती, कुणी ऑर्केस्ट्रा. करोनाच्या मोसमाबद्दल विचारलं तर ती सहज म्हणाली, "मंगळसूत्र तेव्हा गेलं. नाटकातलं राहिलं." आणि आम्हांला ते सोनेरी मुलाम्याचं, मोठ्या वाट्यांचं मंगळसूत्र काढून दाखवलं. त्याची एक वाटी दोऱ्याने बांधलेली होती. दर दुसऱ्या प्रयोगात दीर ते ओढतो, म्हणून.

तिला मी माझी तक्रारही सांगितली. बाईला इतकं सोसायला का लावता? आणि मधूनच येणारी ती नाचाची गाणी, ज्यांचा गोष्टीशी काडीचा संबंध नाही? ती चिडली नाही. नाचाबद्दल म्हणाली, पोरांचे पैसे तिथं वसूल होतात, आम्हांलाही सगळ्यांना आवडतं असं नाही. सोसण्याबद्दल मात्र म्हणाली, "ताई, तुम्ही मागं बसला होता ना? बाया रडत होत्या त्या माझ्यासाठी नाही. वर्षातून एकदा चारचौघांत रडायला मिळतं, कोनी विचारत नाही का रडली." मला हे उत्तर पूर्ण मान्य नाही. बाईने उलटून उभं राहिलेलं नाटकही त्याच बाया बघतील असं मला वाटतं, आणि अंधश्रद्धा, हुंडा, शेतकरी आत्महत्या यांवरची नाटकं याच रंगभूमीवर चालली आहेत, म्हणजे प्रेक्षक तयार आहे. पण तिच्याशी वाद घालण्याइतक्या रात्री मी पेंढ्यावर काढलेल्या नाहीत.

खोलीत एक जुनं वर्तमानपत्र कपाटाला चिकटवलेलं होतं. 2023 मध्ये झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, त्या बातमीचं. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे खुणे. पुरस्काराच्या वेळी सांगितलं गेलं की त्यांनी 5,000 हून अधिक प्रयोगांत 800 भूमिका केल्या. बाहेरच्या माणसाला हा आकडा फुगवलेला वाटेल. मलाही आठवड्यापूर्वी वाटला असता. पण ज्या माणसाच्या हातात दर रात्री नवी वही पडते, त्याचा हिशेब वेगळा असणार. "त्या दिवशी वडशात पेढे संपले होते," असं शेजारच्या खोलीतून आलेला खलनायक म्हणाला. दिवसा हा माणूस अतिशय मऊ बोलतो. त्याचं शिलाईचं दुकान आहे आणि त्याने माझ्या कुर्त्याची उसवलेली बाही बोलता बोलता शिवून दिली.

साडेचारला बाहेर हॉर्न वाजला. आमची बस सहाची होती. नायिकेला आज सुट्टी होती. पण दुसऱ्या एका कंपनीची नायिका तापाने झोपली होती आणि त्यांना एका रात्रीपुरती बाई हवी होती. चालक दारात उभा राहून घाई करत होता. हिने केस बांधता बांधता पैशांचं विचारलं, गाव किती लांब ते विचारलं. नाटकाचं नाव ऐकून म्हणाली, "हे मी पाहिलंसुद्धा नाही."

मग दोरीवरून दोन लुगडी ओढली, मंगळसूत्र पिशवीत टाकलं आणि चपला घालता घालता थांबली. "प्रॉम्प्टर कोन आहे?"

चालकाने मफलरवाल्या काकांचं नाव सांगितलं.

"मग काय," ती म्हणाली आणि आम्हांला कुलूप लावायला सांगून गाडीत जाऊन बसली.